चहाला रुसणारी गाडी

वाशीमला जाऊन काय काय पाहिलंत, असं परत आल्यापासून जो तो विचारतोय. ब्लाउज टाकायला आलेल्या बायका माप द्यायचं सोडून आधी हेच विचारतात. मी खरं ते सांगते, एका जुन्या पिकअपचं बॉनेट पाहिलं. उघडं पाहिलं, मिटलेलं पाहिलं आणि तापलेलं तर इतक्यांदा पाहिलं की बोटावरचा फोड अजून बसलेला नाही. त्यांना वाटतं मी थट्टा करतेय. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं.

जायचं कारण साधं. माझी लेक वाशीमच्या घरात दिलीय. लेक-जावई नोकरीसाठी नाशकात, त्यामुळे लग्नानंतर विहिणीच्या घरी जायचं राहूनच गेलं होतं. दसरा झाला आणि विहीणबाईंचा, सुमनताईंचा फोन आला. सुमनताई फोनवर ओरडूनच बोलतात, चिपळूण लांब आहे म्हणून. "ईनबाई, माह्यी गाडी जाऊन राह्यली! इकून टाकून राह्यले तिले! जायच्या आधी एकडाव येऊन बसा तिच्यात!" तिकडे विहिणीला ईनबाई म्हणतात, आणि ते ऐकायला मला भारी गोड वाटतं. गाडी विकताहेत म्हणून विहिणीला बोलावणं, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी शिलाईच्या मशीनवर कव्हर घातलं आणि निघाले.

वाशीम

स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं तर रिक्षांच्या रांगेत एक पिकअप तिरकी उभी. रंग कधीकाळी पांढरा. इंजिन धडधडतंय, हॉर्न वाजतोय, आणि ड्रायव्हरच्या जागी पदर कमरेला खोचून, डोळ्यांवर मुलाचा जुना गॉगल लावून, आमच्या विहीणबाई!

"ईनबाई! इकडे! मले उतरता येत नाई!"

मला वाटलं, पाय मोडला की काय! धावत गेले. पाय धडधाकट होता, फक्त तो अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलायची सोय नव्हती. "पिशवी मांगं फेका अन् चढा लवकर! बंद पडली तं इथंच मुक्काम." आमच्याकडे विहीण पहिल्यांदा घरी आली की पायांवर पाणी घालतात, ओवाळतात. माझा मान असा झाला की ठेवणीतली साडी गुडघ्यापर्यंत वर धरून, एका हाताने दांडी पकडून मी त्या गाडीत चढले, आणि दार लागायच्या आत ती निघालीसुद्धा. मला हसू आवरेना. सुमनताईंनाही आवरेना. आम्ही दोन जाड्या बायका आतमध्ये नुसत्या हिंदकळत होतो.

गाडीचं दुखणं त्यांनी मला वाटेतच सांगितलं. थंड असली की एका चावीत चालू. कितीही पळवा, पळते. पण तापलेली गाडी एकदा बंद केली की मग तिचा खेळ. चावी फिरवली की चालू होते, दोन श्वास घेते आणि मरते. पुन्हा चालू, पुन्हा मरते. उन्हाळ्यापासून हे लागलंय. मेकॅनिककडे नेली की तो म्हणतो, ठेवून जा, सकाळी बघतो. सकाळी थंड गाडी एका चावीत चालू! मग तो सुमनताईंकडे असा बघतो की डोकं तुमचंच तपासायला हवं. एकाने प्लग बदलले, एकाने कॉइल बदलली, शेजारच्या काकूंनी लिंबू-मिरची बदलली. फरक शून्य.

गिअरच्या पुढे पत्र्याची एक खोलगट ताटली होती. तिच्यात सुपारी, केसांच्या पिना, सेफ्टी पिना, दोन लवंगा आणि थोडे नट. मी विचारलं, हे नट कुठले? "गाडीचेच असतीन कुठले तरी. मी नट फेकत नसते बाप्पा कधी. कामी येते."

घर गावाच्या कडेला, मागे भाजीचा मळा. वांगी, मेथी, आणि सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर. आमच्या कोकणात जमीन अशी सपाट म्हणून कुठे दिसत नाही. चार पावलं गेलं की चढ किंवा उतार. इथे काळी जमीन पसरलीय ती पसरलीच आहे, वर एवढं थोरलं आभाळ, आणि सगळीकडून सोयाबीन काढल्याचा धुरळा. मला पहिले दोन तास नुसतं उघड्यावर बसल्यासारखं वाटत होतं.

व्याही वसंतराव, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. शांत माणूस. बोलायचं सगळं काम सुमनताईंनी घेतल्यामुळे त्यांना ते उरलेलंच नाही. पूर्वी गाडी भाऊच चालवायचे. मग त्यांची कंबर धरली, डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, आणि सुमनताई चाळिशी उलटल्यावर मळ्यातल्या मळ्यात गाडी शिकल्या. दोन वांग्यांचे वाफे आणि एक हौद एवढाच खर्च आला म्हणे. तेव्हापासून बाजारात माल त्याच नेतात. गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात शेजारच्या मळ्यांतल्या बायका आपापल्या टोपल्या घेऊन बसतात, आणि सगळी वरात पहाटे गात-बोंबलत बाजाराला जाते.

"गाडी गेली तं मी पुन्हा ऑटोवाल्याच्या तोंडाकडे पाहत बशीन," त्या चुलीपुढे बसून म्हणाल्या. आणि निखारे उगाच वर-खाली करत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

भाऊ म्हणाले, "मले का हौस हाये? पण भर बाजारात बंद पडते, बाया उतरून धक्के मारते. एखादवक्ती ट्रकच्या समोर मरली तं? दत्ताराव घेतो म्हनते, मी त्याइले जबान देली. रविवारी आसेगावले नेऊन दाखवतो म्हनलं."

विषय तिथेच थांबला, कारण पानगे आले. पानगे म्हणजे कणकेची जाड भाकरीवजा चकती, वर-खाली पळसाचं पान लावून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेली. सोबत वांग्याची झणझणीत भाजी, तुरीच्या डाळीचं वरण, आणि तूप वाढताना हात आखडायचा नाही असा तिकडचा कायदा. भाऊंचा जीव पानग्यांवर. "बाकीच्या घरी राखेतले राह्यते, दाताखाली कचकच. आमच्या घरी राखेचा कन नाई. हिनं पत्रा ठुला न निखाऱ्यावर!" जेवणाबद्दल एवढं लांब वाक्य त्यांनी मी असेपर्यंत पुन्हा उच्चारलं नाही. पत्रा मला काही दिसला नाही, चुलीपाशी अंधार होता आणि वर पानगे मांडलेले होते. मी चार खाल्ले. कोकणात भाताखेरीज पोट भरत नाही असं मी पन्नास वर्षं सांगत आलेय, ते त्या रात्री खोटं ठरलं.

मेडशी

दुसऱ्या दिवशी सुमनताईंच्या बहिणीकडे, बेबीताईंकडे, मेडशीला. गाडी जायच्या आधी तिला बहिणीच्या दारात एकदा न्यायचं होतं. भाऊ मागे हौद्यात, पोत्यावर बसून. कंबरेला पुढची सीट चालत नाही, पोतं चालतं! आम्ही दोघी पुढे. मालेगावच्या पुढे रस्ता थोडा वर-खाली व्हायला लागला आणि मला माहेरी आल्यासारखं वाटलं. दोन्ही बाजूंना कमरेच्या वर गेलेली तूर. सुमनताई गात होत्या, मी टाळ्या वाजवत होते, आणि एसटीवाला बाजूने जाताना आमच्याकडे बघून हसला.

बेबीताईंच्या दारात आम्ही इंजिन चालूच ठेवलं. ठरवलं होतं की आलटून-पालटून एकीने पायाने दाबून बसायचं. पण बेबीताई बाहेर आल्या त्या कमरेवर हात ठेवूनच.

"बंद कर ते!"

"अवं, बंद केली तं—"

"दारात गाडी भणभणत ठेवून चाय पेते का कोनी? मयतीले आली का तू? का आमच्या घरी बसाचं नाई तुले?"

हे मला नवीन होतं. आमच्याकडे पाहुणा दारातूनच 'निघतो हं' म्हणाला तर यजमानाला सुटल्यासारखं होतं. इथे इंजिन चालू ठेवलं म्हणजे पाहुण्याचा एक पाय बाहेर आहे, आणि हा सरळ अपमान. शेजारच्या घरातल्या दोन म्हाताऱ्याही येऊन बघायला लागल्या की सुमन आता काय करते. सुमनताईंनी माझ्याकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं आणि चावी फिरवली. चहा झाला. फार छान झाला, आलं घालून. आणि उठून गाडी चालू केली तर धड, धड, आणि गप्प.

मग काय, सगळी मेडशी जमली! एकाने सांगितलं बॅटरी. एकाने सांगितलं तेलात कचरा. एक आजोबा म्हणाले, गाडीचं तोंड दक्षिणेकडे उभं केलं म्हणून. बॉनेट उघडलं तशी आतून अशी वाफ आली की माझा चष्माच धुरकटला. मीही डोकं आत घातलं. मला इंजिनातलं ओ का ठो कळत नाही, पण डोळ्यांना सवय आहे. कुठलाही आकार दिसला की त्यावर कापड बेतायचं. एक जाड, तापलेला नळ वळसा घेऊन खाली जात होता. त्याच्या शेजारी पेट्रोलची बारीक नळी. आणि नळाच्या कडेने तीन बोल्ट नुसतेच बाहेर आलेले, दोन एकीकडे, एक दुसरीकडे, कशालाही न धरणारे. हुक आहे आणि काज नाही, असे. मी विचारलं, हे कशाचे? गर्दीत कुणी लक्ष दिलं नाही.

तेवढ्यात एक जीपवाला काका थांबला. जुन्या गाड्यांत हाडं झिजवलेला दिसत होता. त्याने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "डिझेलची असती तं चालली असती. ही पेट्रोलची हाये न. नळीतच पेट्रोल उकयून राह्यलं. वाफेवर गाडी चालते का?" त्याने बेबीताईंचं एक फडकं मागून घेतलं, हंड्यात बुडवून त्या नळीवर गुंडाळलं. फुस्स! पाच-दहा मिनिटांत गाडी चालू झाली आणि चालूच राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेबीताईंनी त्यालाही चहाला बसवलं. इंजिन बंद करून!

परत येताना मी विचार करत होते. मग एकदम ओरडलेच, "सुमनताई, ती चहालाच रुसते!"

"काय?"

"आठवा. जेवायला कुठे थांबलात तर पडते का बंद?"

सुमनताईंनी आठवलं. लग्नाला गेल्या, पंगत होऊन निघाल्या, एका चावीत चालू. पुतणीच्या बारशाला, जेवण, चालू. बाजारात माल उतरवून चहा, बंद. मागे एकदा स्टेशनवर, बंद. दवाखान्यात औषध घेऊन दहा मिनिटांत आल्या, बंद. "माय वो!" त्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "जेवलं की चालते, चाय पेला की रुसते!"

कुकरचं तसंच असतं की. गॅस बंद केला तरी आत रटरटत राहतं, तेव्हाच झाकण उघडायला गेलं तर भलतंच होतं. थोडं थांबलं की सगळं निवतं. गाडी पळत असते तोवर वारा लागतो. थांबली की सगळी धग वर येते आणि पेट्रोल उकळतं. तासाभराने गार.

आम्हाला वाटलं, सुटलं कोडं! घरी जाऊन भाऊंना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हंजे दर चायले ओलं फडकं? आज फडकं, उद्या नवस. आधी तं असं व्हत नव्हतं. आता काहून व्हते ते सांगा." आणि ते बरोबरच बोलत होते. रविवार काही टळला नाही.

आसेगाव

रविवारी सुमनताईंनी गाडी धुतली. पुढच्या काचेला हळदकुंकू लावलं, ताटलीतली सुपारी आणि पिना काढून पदरात बांधायला घेतल्या आणि पुन्हा तिथेच ठेवल्या. "तिथं गेल्यावर काढीन," म्हणाल्या. दत्तारावांच्या शेतावर जेवण होतं आणि सुमनताईंच्या हातचे पानगे त्यांना हवे होते, म्हणून पत्राही गोवऱ्यांबरोबर पोत्यात बांधून हौद्यात ठेवला. भाऊ त्याला टेकूनच बसले.

दत्ताराव म्हणजे उंच, खुशालचेंडू माणूस, हसले की आख्खं शिवार ऐकतं. गाडी बघून खूश. चाकं ठोकून पाहिली, हौदा ठोकून पाहिला. भाऊ प्रामाणिक. म्हणाले, "दत्ताराव, कदीमदी रुसते, हे मी आधीच सांगतलं बरं." दत्ताराव म्हणाले, "रुसू द्या न! आधी जेवून घेऊ आरामात, मंग चालवून पाहू."

सुमनताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सुमनताईंकडे पाहिलं. जेवून! आरामात! म्हणजे गाडी निवणार, एका चावीत चालू होणार, आणि दत्ताराव ती घेऊन जाणार. ज्या दुखण्यापायी गाडी विकायची वेळ आली, ते दुखणं नेमकं आज दिसायलाच हवं होतं. परवा मेडशीला आम्ही चहा टाळायला धडपडत होतो. आज चहावाचून जीव चालला.

"मला चहा लागेल," मी जाहीर केलं. "आत्ता. डोकं धरलंय."

"अवो, जेवन होऊन राह्यलं," दत्तारावांच्या बायको म्हणाल्या.

"आम्हा कोकणातल्या लोकांचं असंच असतं. आधी चहा, मग जेवण." देवा, क्षमा कर! सगळ्या कोकणाला मी एका वाक्यात चहाबाज करून टाकलं. पण पाहुणीने तोंडाने मागितलेला चहा तिथे नाही कसा म्हणतील? लगेच तीन दगड मांडून आधण ठेवलं.

मी चुलीशेजारी बसले. पलीकडे सुमनताई पानग्यांची तयारी करत होत्या. निखारे फुंकायला त्यांनी पत्रा उचलून बाजूला, माझ्यापुढे, उन्हात उभा केला. रोज राखेने घासून अगदी लख्ख केलेला. आणि माझ्या डोळ्यांनी सवयीने माप घेतलं. एका बाजूला दोन भोकं, दुसऱ्या बाजूला एक. मध्ये कडेला गोल कातरलेलं, अगदी बाहीच्या मुंढ्यासारखं. एवढा वळसा त्या तापलेल्या नळाचाच. काज सापडलं! हुक गाडीत होते आणि काज चुलीवर!

मी तोंडावर पदर दाबला. नळ आणि नळी यांच्या मधला पडदाच होता तो. धग अडवणारा. आणि आमच्या विहीणबाई त्याच्यावर पानगे भाजत होत्या!

बोलायची सोय नाही. समोर दत्ताराव, त्यांची बायको, भाऊ. मी बोलले असते तर दत्तारावांनी तिथल्या तिथे पत्रा बसवून उत्तम गाडी नेली असती. मी आयुष्यात कधी गप्प बसलेली नाही, माझ्या नवऱ्याला विचारा. त्या दिवशी बसले. हसू येऊ नये म्हणून चहा एवढा गरम प्यायले की जीभ पोळली. सुमनताईंना वाटलं मला खरंच काही होतंय. "ईनबाई, पानी देऊ का?" मी नुसती मान हलवली.

चहा संपला. मी म्हटलं, "दत्ताराव, आता पाहूनच टाका गाडी. मग जेवण निवांत."

दत्ताराव चढले. चावी फिरवली. धड, धड, धड... सुमनताईंनी माझा हात धरला. आणि गाडी मेली. पुन्हा चावी. धड, धड, गप्प. मला सांगायला लाज वाटते, पण आम्हाला दोघींना इतका आनंद झाला! दत्तारावांनी बॉनेट उघडलं, बघितलं, मिटलं. आणखी दोनदा फिरवली. मग खाली उतरून भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला.

"वसंतराव, मले सोयाबीन मार्केटात न्यायचं राह्यते. मधातच बसली तं लोक माह्यावरच हसतीन. तुमची गाडी तुमालेच बरी. जबान मोकळी केली मी तुमाले."

भाऊ म्हणाले, "बरं." पण चेहरा पडला होता. जेवताना ते हळूच सुमनताईंना म्हणाले, "आता कोन घेते हिले? भंगारातच द्या लागते." सुमनताईंचा पानगा हातातच राहिला. आणि मी बाई गप्प! अजूनही गप्प! गाडीबद्दल खोटं कुणीच बोललं नव्हतं, फक्त चहा आधी घेतला होता, पण तरी दत्तारावांच्या बांधावर ते सांगायचं नव्हतं.

परतीची वाट

जेवण होऊन निघालो तेव्हा गाडी अर्थातच एका चावीत चालू झाली. दत्तारावांनी कपाळाला हात लावला. भाऊ हौद्यात पोत्यावर आडवे झाले आणि लगेच घोरायलाही लागले. गाव मागे पडलं तशी मी सांगितलं. सगळं. एका दमात. सुमनताईंनी करकचून ब्रेक लावला. भाऊ मागे एकदा गडगडले, पण जागे झाले नाहीत.

"तो पत्रा?" त्या म्हणाल्या. "माह्या पानग्याचा पत्रा? अवो, थो तं खडखड करे म्हून मीच काढला होता! होयीच्या आधी! मले वाटलं, बिनकामाचा हाये." होळीच्या आधी हवा गार होती, म्हणून गाडी रुसली नाही. रुसायला लागली ती ऊन चढल्यावर, आणि तोवर पत्रा चुलीचा झाला होता. ते आठवून त्या आधी रडल्या, मग हसल्या, मग दोन्ही एकदम.

कडुलिंबाखाली गाडी लावली. इंजिन थोडं निवू दिलं. भाऊंच्या डोक्याखालून पोतं सोडवून पत्रा काढला, ही एक कसरतच. बसवायला घेतला आणि शपथेवर सांगते, मुंढ्यात बाही बसावी तसा बसला. चुण्या नाहीत, ताण नाही. आणि नट? ताटलीत! सुपारीखाली तिन्ही. सुमनताई म्हणाल्या, "पाह्यलं? म्हून फेकत नसते मी." घाईत माझं बोट नळाला लागलं, तो हा फोड.

मग वीस-पंचवीस मिनिटं उन्हातून गाडी पळवली, चांगली तापवली, आणि एका टपरीसमोर उभी करून सुमनताईंनी चावी काढून घेतली.

भाऊ उठून बसले. "काहून थांबली?"

"चाय पेऊ."

"पागल झाली का? अन् बंद कायले केली? आता धक्का कोन मारन?"

"मी मारीन. तुमी चाय घ्या."

असा बेचव चहा मी कधी प्यायले नाही. साखर होती, दूध होतं, पण चवीकडे लक्ष कुणाचं होतं! पेले खाली ठेवले. सुमनताई चढल्या. त्यांचे ओठ हलत होते. चावी फिरवली.

धड, धड, धड, धड.

धडधड चालूच राहिली. टपरीवाला आपली भांडी धूत होता, त्याला काय कल्पना! भाऊ गाडीजवळ आले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, दाईने पोटावर ठेवावा तसा. मग म्हणाले, "काय केलं?"

सुमनताईंनी खिडकीतून सांगितलं. भाऊंनी बॉनेट उघडून पाहिलं. त्यांचा आवडता पत्रा, तीन नटांनी आवळलेला, कडेला मघाची कणीकसुद्धा चिकटलेली. वाकून त्यांनी तिन्ही नट मोजले.

मग म्हणाले, "म्हंजे होयीपासून मी गाडी खाऊन राह्यलो?" आणि हसायला लागले. कंबर धरून, रस्त्यावर खाली बसून हसले. टपरीवाल्याने पाणी आणून दिलं.

"इकाची का मंग?" सुमनताईंनी विचारलं. हसत विचारलं, पण हात चावीवरून काढला नाही.

भाऊ उठले, धोतर झटकलं. "पानगे आता राखेतलेच खाऊ," म्हणाले, आणि हौद्यात जाऊन पोत्यावर बसले.

मी निघाले त्या सकाळी त्यांनी राखेतले पानगे खाल्ले. दाताखाली कचकच वाजली ती मला पलीकडच्या पाटावर ऐकू आली. "मस्त झाले," म्हणाले आणि तिसरा घेतला. माझ्या डब्यातही चार बांधून दिले.

स्टेशनला सुमनताईच सोडायला आल्या. गाडी रिक्षांच्या रांगेत लावली, इंजिन बंद केलं, चावी काढून पदराच्या टोकाला बांधली. खाली उतरल्या, माझी पिशवी घेतली आणि फलाटापर्यंत माझ्याबरोबर चालत आल्या. बाकावर बसून आम्ही चहा घेतला, दोनदा. माझी गाडी आली तरी त्यांना घाई नव्हती.